पानाचा कणा

मत्स्यसंशोधन केंद्रात तिला सगळे रंगारीण म्हणत. कागदोपत्री ती तांत्रिक सहायक होती, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. गेली सत्तावीस वर्षं ती एकच काम करत होती. माशांच्या पिल्लांची हाडं रंगवायची.

तिची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती, नदीकडे तोंड करून. खिडकीखालीच नदी समुद्राला मिळायची, त्यामुळे तिथलं पाणी दिवसातून दोनदा आपलं मन बदलायचं. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर ग्लिसरीनने भरलेल्या काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत एकेक पिल्लू तरंगत असे. त्याचं मांस तिने औषधांनी इतकं निवळून टाकलेलं असे की ते दिसेनासंच व्हावं. उरायचा तो फक्त सांगाडा, हाडं डाळिंबी लाल आणि जिथे अजून हाड झालेलं नाही तिथली मऊ कूर्चा निळी. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन खिडकीतून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर लाल-निळे कवडसे हळूहळू सरकायला लागायचे. खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस आपोआप हलक्या आवाजात बोलायला लागे.

बहुतेक बाटल्यांत वाम माशाची पिल्लं होती. वाम वाढते नदीत, पण जन्मते दूर समुद्रात. तिथून निघालेलं पिल्लू सुरुवातीला झाडाच्या पानासारखं असतं, चपटं आणि आरपार दिसणारं. महिनोन्‌महिने ते प्रवाहाबरोबर वाहत येतं. किनारा जवळ येऊ लागला की त्याचं अंग आकसतं, गोल होतं, आणि नदीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्या पानाची बोटभर लांब काचेची दोरी झालेली असते. केंद्राची माणसं दर वर्षी भरतीच्या वेळी जाळी लावून ही काचपिल्लं धरत. रंगारणीने अशी हजारो रंगवली होती. सगळ्यांचे मणके पुरते तयार, मानेपासून शेपटीपर्यंत शंभराच्या वर. एकही कच्चं सापडत नसे.

"आपण लग्न लागून गेल्यावर पोचणारे पाहुणे आहोत," केंद्राच्या प्रमुख म्हणायच्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पानात कणा कधी येतो आणि कुठून सुरू होतो, एवढा एकच प्रश्न त्या वीस वर्षं उराशी धरून बसल्या होत्या. त्याचं उत्तर भर समुद्रात होतं आणि केंद्राकडे भर समुद्रात जाईल अशी बोट नव्हती.

रंगारणीच्या घरी त्या वर्षी वडील राहायला आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्या खात्याच्या समुद्रपाहणीच्या बोटीवर जाळी ओढली होती आणि फाटलेली शिवली होती. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, आणि एकट्याने राहणं संपलं. घरात आत्या आधीपासूनच होती. रंगारीण पंधरा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून आत्यानेच घर चालवलं होतं. आता भाऊ आल्यावर तिला बोलायला हक्काचं माणूस मिळालं होतं, आणि तिने ती संधी एक दिवसही वाया घालवली नव्हती.

बापलेकीत भांडण नव्हतं. भांडायला थोडी ओळख तरी लागते. तिच्या लहानपणी वडील वर्षातले आठ महिने पाण्यावर असत. उरलेल्या चार महिन्यांत ते घरात पाहुण्यासारखे वावरत, कुठली वस्तू कुठे असते हे विचारत. आता ते तिच्या घरी तसेच वावरत होते.

"चहाचा डबा कुठे असतो?" ते रोज सकाळी विचारत.

"काल होता तिथेच," आत्या सांगे. "दादा, तो डबा काही बोटीत बसून फिरत नाही."

मग त्या हिवाळ्याच्या शेवटी पाहणीची ती जुनी बोट भंगारात निघाली. तिच्या तळकोठारात लाकडी पेट्या सापडल्या आणि त्या केंद्राकडे आल्या. पेट्यांना बांधलेल्या दोराच्या गाठी पाहून रंगारीण जरा थबकली. घरी जुनी वर्तमानपत्रं बांधताना वडील अगदी तशीच गाठ मारत.

पेट्यांत चौसष्ट बाटल्या होत्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका सफरीत गोळा केलेल्या, आणि त्यांतल्या एकोणीस बाटल्यांत पानं होती. वामेची पानं, भर समुद्रातली. काही रुंद, काही आकसायला लागलेली, काही अर्धी पान आणि अर्धी दोरी. मोठ्या बाईंनी एक बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"यातली कुठली आधी रंगवू?" रंगारणीने विचारलं.

"सगळी," मोठ्या बाई म्हणाल्या. "सावकाश."

केंद्राच्या कोठारवाल्याने बाटल्या निवडून दिल्या. गाळ, कचरा असलेल्या त्याने बाजूला काढल्या आणि स्वच्छ तेवढ्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या. तीन आठवडे ती त्यांच्यात बुडून गेली. आधी पाण्यात भिजवायचं, मग निळ्या रंगात, मग मांस निवळायचं, मग लाल रंगात, आणि शेवटी एकेक दिवस मुरवत ग्लिसरीनमध्ये न्यायचं. या कामात घाई चालत नाही. ती बशीवर वाकून बसायची आणि नदीचं पाणी चढल्याचं-उतरल्याचं तिला खिडकीकडे न बघता आवाजावरून कळायचं. कधी कधी तिला वाटे, आपणच कुठेतरी खोल आहोत आणि वरून कुणीतरी कंदील धरून बघतंय.

अकरा पिल्लं रंगवून झाली. निळा रंग सुरेख चढला. लाल कुठेच नाही. ज्यांचं अंग जवळजवळ पूर्ण गोल झालं होतं त्यांच्यातसुद्धा लाल ठिपका म्हणून दिसेना.

मोठ्या बाईंचा आनंद पोटात मावेना. म्हणजे वाम सगळा प्रवास हाडाविना करते, शरीराचा आकार आधी बदलते आणि कणा अगदी शेवटी, किनाऱ्याशी येऊन बांधते. त्यांनी लेख लिहायला घेतला. दोन महिन्यांनी मोठी परिषद होती, तिथे त्या तो वाचणार होत्या. जाता-येता त्या रंगारणीच्या दारात थांबत आणि नुसत्या हसत.

रंगारणीला मात्र चैन पडेना. एका सकाळी तिने अकराही पिल्लं पुन्हा एकेक करून मायक्रोस्कोपखाली घेतली आणि या वेळी कण्याकडे बघितलंच नाही. तिने कान शोधले. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो, अगदी कोवळ्या पिल्लातही असतो, त्याच्यावरच त्याला पाण्यात वर-खाली कळतं. हाड नसेल, पण तो खडा असायलाच हवा.

एकाच्याही कानात खडा नव्हता.

तिने अजून न रंगवलेल्या पिल्लाची एक मूळ बाटली उघडली; त्याच्याही कानात खडा नव्हता. मासे टिकवायला भरलेल्या फॉर्मॅलिनचा नेहमीचा वास आला, पण त्यात एक आंबट धार होती. तिने लिटमसचा निळा कागद बुडवला. कागद लाल झाला. तीन आठवड्यांत त्या खोलीत लाल झालेली तेवढी एकच गोष्ट होती.

फॉर्मॅलिन जुनं झालं की आंबतं, आणि आंबलं की चुना खातं. कानातले खडे चुन्याचेच, आणि हाडांचा कडकपणाही तसाच, आम्लात विरणारा. म्हणून बाटली भरतानाच त्यात खडूची भुकटी घालायची असते. ती घातली नसेल तर चव्वेचाळीस वर्षांत आत काय काय विरघळून गेलं असेल हे सांगायला कुणी उरत नाही. मोठ्या बाईंनी हाड नाही असं पाहिलं होतं. ते मुळात नव्हतं की नाहीसं झालं, हे त्या पिल्लांना विचारता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी ती चारलाच घरी आली. वडील खिडकीपाशी खुर्चीत बसून पाय वर-खाली करण्याचा व्यायाम करत होते. आत्या शेजारी विणत बसली होती आणि मोजत होती, पायाचे हेलकावे आणि सुईवरचे टाके दोन्ही.

"बाबा, बोटीवर बाटल्या तुम्हीच भरायचात ना?"

"मीच की."

"त्यात खडूची भुकटी घालायचात?"

वडिलांनी पाय खाली टेकवला. "घालायचो. चमचाभर. पण एका सफरीत पोतं भिजलं, त्याचा पार दगड झाला. आमचे डॉक्टर म्हणाले, राहू दे, परत गेल्यावर घालू." ते बोटीवरच्या शास्त्रज्ञाला डॉक्टर म्हणत, तो आता हयात नव्हता. "परत गेल्यावर कोण घालतंय? सगळे घरी पळाले. पण तुला कशाला हवंय हे?"

मग तिने सांगितलं. आपण दिवसभर काय करतो हे ती वडिलांना पहिल्यांदाच सांगत होती, त्यामुळे तिला बरंच मागून सुरू करावं लागलं. ते मान न हलवता ऐकत राहिले.

"म्हणजे हाडं होती, पण विरघळली," ते म्हणाले.

"किंवा नव्हतीच. आता कळायला मार्ग नाही."

"होती."

"कशावरून?"

"मी पाहिली आहेत," वडील म्हणाले.

आत्याचं विणणं थांबलं. हे सहसा होत नसे.

"समुद्र त्या सफरीत अगदी पडून होता," ते सांगू लागले. "वारा नाही, लाट नाही. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. बोट मधेच कुठेतरी टांगून ठेवल्यासारखी. एका पहाटे जाळं वर घेतलं तर त्यात ही पानं. एक बशीत घेतलं आणि बशी वर्तमानपत्रावर ठेवली, तर आरपार अक्षरं वाचता येत होती. बाजारभाव वाचले मी त्याच्यातून. ते जिवंत होतं. डॉक्टरांचा हुकूम होता की सगळं बाटलीत टाकायचं. एक मी नाही टाकलं. बादलीत ठेवलं, माझ्या झोपायच्या फळीखाली."

"का?" तिने विचारलं.

"माहीत नाही. सोबत वाटली." ते म्हणाले. "रोज सकाळी पाणी बदलायचो. खायला काय द्यावं कळेना, आणि ते काही खाईहीना. पण उपाशी दिसायचं नाही. स्वतःचंच अंग खात असावं, कारण रोज आखूड व्हायचं. मी दोऱ्याने मापायचो. जाळ्याची भोकं तपासायचं भिंग होतं, ते लावून बघायचो. आधी दात गेले. सुरुवातीला सुयांसारखे दात होते, पुढे आलेले. एक दिवस बघतो तर बोळकं."

"अगं बाई," आत्या म्हणाली. "माझ्यासारखंच."

"आधीच्या बंदरात तुझ्या आईचं पत्र मिळालं होतं. तुझा पुढचा दात पडला म्हणून लिहिलं होतं." हे त्यांनी लेकीकडे न बघता सांगितलं. "मग सातव्या का आठव्या दिवशी मानेमागे रेघ दिसली. तोवर आत नुसतं पाणीच होतं. उन्हात धरलं की दाण्यादाण्यांची रेघ, मानेपासून थोडीशीच. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. दोराला एकेक गाठ मारत मागे जावं ना, तशी चालली होती."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पुढे काय झालं त्याचं?"

"अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. रागावले नाहीत. नोंद कुठे आहे म्हणाले. मी त्यांना दोरा दाखवला. त्यांनी दोरा बघितला आणि परत दिला. नोंद नाही म्हणजे पाहिलं नाही, म्हणाले. मग मीच ते बाटलीत टाकलं, हुकूमच होता. पण त्या कोऱ्या बाटलीत एकटं टाकायला हात होईना. मधे एका बेटावर उतरलो होतो, तिथे तुझ्यासाठी शंख वेचले होते, शिंपले, पोवळ्याचे तुकडे, खिसाभर. ते तळाशी टाकले. म्हटलं, खाली काहीतरी ओळखीचं असू दे."

रंगारीण एकदम उठून उभी राहिली आणि मग काय करावं न सुचून पुन्हा बसली. शंख, शिंपले, पोवळं. सगळा चुनाच. चमचाभर खडूपेक्षा कितीतरी जास्त.

"मला आठवत नाही तुम्ही शंख आणल्याचं," ती म्हणाली.

"आणलेच नाहीत तर आठवणार कसे?" वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. लेखाचे कागद टेबलावर पसरलेले होते. तिने खड्यांचं सांगितलं आणि लिटमसचा तो लाल कागद त्यांच्यापुढे ठेवला.

मोठ्या बाई कागदाकडे पाहत राहिल्या. "तुम्हाला हे आत्ता सुचलं?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"सुचायला हवं होतं आधीच. चूक माझी आहे."

"तुमची कसली. वास मलाही आला होता." त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबले. "आला होता आणि मी खिडकी उघडली." मग त्यांनी पसरलेले कागद एकावर एक ठेवले, चारी कडा नीट जुळवल्या आणि गठ्ठा खणात टाकला. वीस वर्षांची आशा खणात टाकताना खण जरा अडला, तो त्यांनी गुडघ्याने ढकलला.

"अजून एक बाटली असू शकते," रंगारीण म्हणाली.

चौसष्टांपैकी कोठारवाल्याने चौदा बाजूला काढल्या होत्या. तो म्हणाला, तेरा इथे आहेत. तेरांत गाळ होता, शेवाळ होतं, एकीत नुसता गंज होता. शंख कुठेच नव्हते. चौदावी कुठे गेली ते त्याला आठवेना. टाकली असेल, म्हणाला. मग म्हणाला, नसेलही. मग त्याने इतके पर्याय सांगितले की रंगारीण तिथून निघालीच.

तिने धुण्याची मोरी पाहिली, काचेच्या भंगाराचं पिंप पाहिलं. दुपार होत आली तेव्हा ती पंपाच्या खोलीत पोचली. तिथला पंपवाला जेवणाचा डबा उघडून बसला होता. त्याच्या डोक्यामागे, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात एक बाटली होती. तळाशी पिवळट पडलेले शंख, एक तुटका शिंपला, पोवळ्याच्या फांदीचे दोन तुकडे, आणि त्यांच्यावर तरंगणारा एक पांढुरका धागा.

"ही तुमच्याकडे कशी आली?"

"टाकून देणार होते. म्हटलं शोभेची दिसते, राहू दे." पंपवाल्याने डबा बाजूला सारला. "चुकलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "फार चांगलं केलंत." आणि बाटली दोन्ही हातांत धरून ती जिना इतक्या हळू चढली की मागून येणाऱ्या दोघांना थांबावं लागलं. कागद बुडवला तेव्हा तो निळाच राहिला.

एकच पिल्लू होतं आणि संधीही एकच. मोठ्या बाई म्हणाल्या, दोन्ही रंग द्या. रंगारीण सत्तावीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाली. निळा रंग आम्लात कालवावा लागतो; पक्क्या हाडाला ते सोसतं, कोवळ्याला नाही. जे चव्वेचाळीस वर्षं वाचलं ते आपल्याच हाताने तासाभरात घालवायचं नव्हतं.

"नुसता लाल," ती म्हणाली. "निळ्याचं नंतर बघू."

"तुमचा हात, तुमचं म्हणणं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

नऊ दिवस लागले. मांस निवळत गेलं तसतसं ते पिल्लू बशीतून नाहीसं होत चाललं. पाचव्या दिवशी तर बशी रिकामीच वाटली आणि तिला धडकी भरली, पण तिरप्या उजेडात दोन डोळे दिसले. ती घरी गेली की वडील विचारत, "आज काय?" ती सांगे. मग तेही काहीतरी सांगत, बादलीतलं, बोटीवरचं, कधी नुसतं हवेचं. आत्याची मधेच बोलायची सवय सुटत चालली होती.

नवव्या दिवशी दुपारी ऊन भिंतीवर आलं तेव्हा तिने बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली. कानात दोन खडे होते, मिठाच्या कणाएवढे, चकाकणारे. जबड्याची कड लाल होती. आणि मानेमागून लाल दाण्यांची एक रेघ निघाली होती. पहिले दाणे ठसठशीत, पुढचे फिकट, मग फिकट गुलाबी, आणि मग काही नाही. पुढे सगळं शरीर काचेसारखं मोकळं होतं. तिने मोजले. सतरा. पुन्हा मोजले. मोठ्या बाईंनी मोजले तेव्हा अठरा आले आणि त्यावर दोघींचं थोडं वाजलं, कारण अठरावा खरंच असून नसल्यासारखा होता.

रविवारी केंद्र बंद असताना ती वडिलांना घेऊन आली. चौपायी काठी टेकत त्यांना तिच्या खोलीपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. आत्या मागे, हातात त्यांची शाल. मोठ्या बाई आपणहून आल्या होत्या आणि त्यांनी वही-पेन आणलं होतं.

वडील आधी फळ्यांकडेच बघत राहिले. भिंतीच्या भिंती भरून तरंगणारे सांगाडे. "हे सगळं तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढं," ते म्हणाले.

मग ते मायक्रोस्कोपवर वाकले. त्यांच्या हातांना नीट धरता येईना म्हणून तिने चाक फिरवून दिलं. ते बराच वेळ बघत होते. आत्याने एकदा खोकून पाहिलं.

"जिवंत होतं तेव्हा असं लाल नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "पण तेच आहे. मानेजवळचे जाड, पुढे बारीक. तेच."

मोठ्या बाईंनी वही उघडली. "तुम्ही पाहिलेलं पहिल्या दिवसापासून सांगाल का? मी लिहून घेते."

"नोंद नाही माझ्याकडे. दोरा होता, तोही कधीच गेला."

"म्हणून तर आता लिहितेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "सांगा."

दोन तास ते बोलत होते. जे आठवत नव्हतं तिथे आठवत नाही म्हणाले, ताणून काही सांगितलं नाही. सातवा दिवस की आठवा यावर ते अडले आणि मोठ्या बाईंनी दोन्ही लिहिले. रंगारीण खिडकीत बसून ऐकत होती. बापाचा आवाज तिला नवाच वाटत होता, जसा शेजारच्या खोलीतून अचानक रेडिओ लागावा आणि तो लागूनच राहावा असं वाटावं.

परिषदेत मोठ्या बाईंनी वेगळाच लेख वाचला. एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. अकरा पिल्लांचं काय झालं तेही लपवलं नाही. शेवटी त्यांनी पिल्लाचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, आता हे जाऊन पाहायला हवं. लेखाखाली तीन नावं होती. तिसऱ्या नावापुढे पदाच्या जागी काय लिहावं यावर बराच खल झाला होता. शेवटी "जाळीवाले" असं लिहिलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेची बोट त्या पाण्यात जाणार होती आणि त्यांनी केंद्राला दोन जागा दिल्या. एक मोठ्या बाईंची. दुसरीसाठी त्यांनी रंगारणीला विचारलं. तिने आयुष्यात कधी बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. नदीच्या तोंडाशी सत्तावीस वर्षं काढली होती, पण पलीकडे कधी गेली नव्हती.

"मी पन्नास वर्षांची आहे," तिने घरी सांगितलं.

"मग? बोट काय वय विचारते?" आत्या म्हणाली.

वडिलांनी तिची बॅग स्वतः भरली. लोकरीचे मोजे तीन जोड, कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा. पहिले चार दिवस पडून राहशील, म्हणाले, लाज वाटून घेऊ नकोस, पाचव्या दिवशी भूक लागेल. धक्क्यावर ते काठी टेकून उभे राहिले. आत्या रुमाल हलवत राहिली, त्यांनी हात केला नाही. वर डेकवर लोकांची कामं चालू असतात, त्यांना उगाच थांबवू नये, असं त्यांचं मत होतं. पण बोट वळली तरी ते तिथेच होते.

पहिले तीन दिवस ती पडून होती. चौथ्या दिवशी उठून वर आली. समुद्र सपाट होता, राखाडी आणि कुठेही कड नसलेला. स्वयंपाक्याने तिच्या हातात चहाचा मग दिला आणि काही न बोलता खाली गेला. ती दोरांच्या वेटोळ्यावर बसली, मांडीवर कागद घेतला आणि पत्र लिहू लागली. ते कधी पोचेल हे तिला माहीत नव्हतं, कारण पुढचं बंदर बारा दिवसांवर होतं.

"बाबा," तिने लिहिलं, "भूक एक दिवस आधीच लागली. आम्ही अजून कुठेच पोचलेलो नाही. चहुकडे नुसतं पाणी आहे आणि मला बरं वाटतंय. आत्याला सांगा, इथेही चहाचा डबा सापडत नाही."